टोरंट आणि राळेगणचा ऊस

परवा लिनक्सची फाईल टोरंटने उतरवत होतो. बाकी सगळं सुसाट, टोरंट मात्र रांगतंय! नेटवाल्या कंपनीला फोन केला, तर म्हणे तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये बिघाड असेल.

मला राळेगणसिद्धी आठवलं. १९७५ नंतर तिथे पाणलोटाची कामं झाली, विहिरींना पाणी आलं. तरी उसासारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत, असं गावाने ठरवलं. बंधनच ते, पण अख्ख्या गावाला ठाऊक असलेलं.

टोरंटमध्ये प्रत्येकजण घेता घेता देतोही, त्यामुळे लाईनवर ताण येतो, हे मान्य. मग गर्दीच्या वेळी घाला की आवर! पण अमेरिकेत कॉमकास्टने काय केलं? दोन संगणकांच्या मध्ये जोडणी तोडण्याचा खोटा निरोप घुसवला. प्रत्येकाला वाटे, समोरच्यानेच तोडली. २००७ मध्ये हे उघडकीला आलं, तेव्हा आधी कानावर हात!

आपल्या ट्रायने २०१७ च्या शिफारशींत म्हटलं, की असा आवर गरजेपुरता, तात्पुरता आणि उघड हवा. २०१८ मध्ये सरकारने त्या स्वीकारल्याही.

असो. माझं म्हणणं एवढंच, नियम खुशाल करा, पण आधी चावडीवर वाचून दाखवा. गुपचूप पाणी तोडायला नियम म्हणत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?