मोटारसायकलची लेव्ही आणि जखमींची भरपाई

न्यूझीलंडमध्ये अपघातात जखमी झालेल्या माणसाला भरपाईसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वुडहाऊस आयोगाने 1967 मध्ये सुचवलेल्या विचारातून आलेली योजना तिथे 1 एप्रिल 1974 पासून लागू आहे. चूक कोणाची हे न पाहता अपघात भरपाई महामंडळ, म्हणजे एसीसी, खर्च उचलते. त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क कायद्याने काढून घेतला आहे. ओल्या वळणावर स्वतःच घसरून मांडीचे हाड मोडून घेतलेल्या मोटारसायकलस्वारालाही उपचार व फिजिओथेरपी मिळते, आणि तो कमावता असेल तर पहिला आठवडा सोडून उत्पन्नाच्या 80 टक्के रक्कम मिळते. गाडीचे नुकसान मात्र यात येत नाही. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो तिथे सक्तीचा नाही.

रस्त्यावरच्या अपघातांचा पैसा एसीसीच्या 'मोटार वाहन खाते' या निधीतून येतो. त्यात एक लेव्ही जमा होते पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे आणि दुसरी गाडीचे लायसन्स नूतनीकरण करताना. मोटारसायकलला पेट्रोल कमी लागते, म्हणून पंपावर तिच्याकडून फारसे जमत नाही. लायसन्सबरोबरची लेव्हीच जड असते. मोपेड, 600 सीसीपर्यंतच्या गाड्या आणि त्यावरच्या गाड्या असे तिचे दर वेगळे ठेवले गेले. एवढे देऊनही दुचाकीस्वारांच्या दाव्यांचा खर्च भागत नाही. तूट इतर वाहनांचे मालक भरतात.

नेमक्या याच तुटीवरून 2009 मध्ये वाद पेटला. 600 सीसीवरील गाडीची लेव्ही सुमारे 253 डॉलरवरून 746 डॉलर करण्याचा प्रस्ताव आला आणि नोव्हेंबरमध्ये हजारो मोटारसायकलस्वार वेलिंग्टनच्या संसदेवर धडकले. अनेक धडका कारचालकांच्या चुकीने होतात आणि दोन गाड्यांचा मालक एका वेळी एकच चालवतो, तरी लेव्ही दोन्हींवर भरतो, हे त्यांचे मुद्दे वजनदार होते. चूक पाहायचीच नाही, असे ज्या योजनेचे तत्त्व, तिने जोखमीचा वाढीव बोजा एकाच गटावर टाकणे विसंगतच ठरते. अखेर वाढ झाली, पण प्रस्तावापेक्षा बरीच कमी.

त्याच सुमारास प्रत्येक मोटारसायकलवर वर्षाला 30 डॉलरची वेगळी सुरक्षा लेव्ही बसली. हा पैसा फक्त दुचाकीस्वारांच्या सुरक्षेसाठी राखून ठेवला. पुढे एसीसीने 'राइड फॉरएव्हर' हे सवलतीचे प्रशिक्षणवर्ग सुरू केले. त्यांत अचानक ब्रेक लावणे, वळण घेणे, चौकात कारवाल्याच्या नजरेत राहणे हे प्रत्यक्ष रस्त्यावर शिकवतात. साऱ्या व्यवस्थेत हाच भाग सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण सीसीवरून गाडी कळते, चालवणारा हात कळत नाही.

भारतातही थर्ड पार्टी प्रीमियम सीसीवरच ठरतो. 2022 च्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये, तर 350 सीसीवरील गाडीला 2,804 रुपये. पण हे पैसे दुसऱ्याच्या दुखापतीसाठी असतात. मालक-चालकासाठीचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरते आहे. 2025 च्या कॅशलेस योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार होतात, मात्र स्वतःच घसरून जखमी झालेल्या चालकाच्या बुडालेल्या पगाराची भरपाई यांपैकी कशातूनच होत नाही. पॉलिसी नूतनीकरणाला आलेल्या प्रत्येक दुचाकीमालकाला विमा प्रतिनिधीने हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.