निवेदन: ऊसतोड कुटुंबांतील बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया वेळेत होण्याबाबत

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

आम्ही बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पालक आणि अंगणवाडी सेविका. आमच्या गावातील चार वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला तपासणीत शंका आली, टूडी इकोने निदान पक्के केले. तोवर गळीत हंगाम लागला. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप लेकीला घेऊन टोळीबरोबर गेले. परतल्यावर कळले, रेशनकार्डावर तिचे नावच नाही. सरकारी योजनेतून शस्त्रक्रियेला लागणारी पूर्वमान्यता तिथेच अडली आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. आमचे गाऱ्हाणे उशिराचे आहे. अशा छिद्रातून जादा रक्त फुप्फुसांकडे जात राहते. तिथल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर छिद्र बुजवणेच धोक्याचे ठरते. दरम्यान मूल फडावरच्या कोपीत, थंडीत, वारंवार न्यूमोनियाने आजारी पडते. वजन वाढत नाही.

म्हणून मागणी अशी की, निदान पक्के झालेल्या बालकाची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत व्हावी आणि त्यासाठी जिल्ह्यात एक अधिकारी जबाबदार धरावा. रेशनकार्डावर नाव चढायचे राहिले असेल, तर जन्मदाखला आणि आईवडिलांचे कार्ड ग्राह्य धरून मान्यता द्यावी, उरलेले कागद मागाहून घ्यावेत. टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबरातच, गावोगाव तपासणी व्हावी. ज्या मुलांवर उपचार बाकी आहेत त्यांची यादी कारखान्याच्या जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणेकडे जावी. योजनेतून सोय होत नसेल तिथे धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्णांसाठीच्या १० टक्के राखीव खाटांपैकी एक मिळवून द्यावी.

आणखी एक, आणि ते आमच्या दृष्टीने फार मोठे आहे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकजण दवाखान्यात थांबला की दोघांचे काम बंद पडते, खाडा कापला जातो आणि उचलीचे कर्ज पुढच्या हंगामावर चढते. या भीतीने पालक तारीख पुढे ढकलतात. त्यांना निष्काळजी म्हणू नये. बुडालेली मजुरी आणि तपासण्यांचा प्रवासखर्च लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत मिळावा.

वरील मुलीची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. टोळी पुन्हा निघण्याआधी तिला शस्त्रक्रियेची तारीख द्यावी, ही पहिली विनंती.

आपले विश्वासू,
ऊसतोड मजूर पालक व अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा