कुत्र्या-मांजरांची कातडी : आधी पाहा, मग लावा



पाऊस ओसरू लागला की अंगणातला कुत्रा दिवसभर अंग खाजवत बसलेला दिसतो. पाठीवरचे केस झडतात, कानाच्या कडा सोलपटतात. मग घरातले कोणीतरी म्हणते, "याला लूत लागली," आणि माळ्यावरची बाटली खाली येते. बाटलीत कधी गाडीचे जळके ऑइल असते, कधी फिनेल, तर कधी भातावर मारून उरलेले औषध. त्या बाटलीला हात लावण्यापूर्वी आजचा लेख वाचावा, एवढीच विनंती आहे.

मी शेतीचा पदवीधर आहे, जनावरांचा डॉक्टर नव्हे. औषध आणि त्याची मात्रा सांगणे हे माझे काम नाही, आणि या लेखात ते सापडणारही नाही. पण पिकावरचा रोग ओळखताना आपण पान उलटून पाहतो, कीड आहे की बुरशी हे ठरवतो आणि मगच पंपाला हात घालतो. तीच शिस्त दाराशी बसणाऱ्या मुक्या राखणदारालाही लागू आहे. खाजवणारे प्रत्येक कुत्रे लुतीचे नसते, आणि केस गेलेली प्रत्येक जागा खाजतेच असेही नाही.

निळ्या कुत्र्यांचा धडा

आमच्या खांदा कॉलनीपासून फार लांब नसलेल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१७ मध्ये चक्क निळ्या रंगाची कुत्री हिंडताना दिसली. त्यांची छायाचित्रे देशभर गाजली. कोणाला तो एखादा नवा रोग वाटला. तो रोग नव्हता, कारखान्यातला रंग होता. कासाडी नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची चर्चा झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. पकडून धुतल्यावर रंग उतरू लागला.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली ही, की कातडीवर दिसते ते सगळे कातडीचेच दुखणे नसते, म्हणून आधी नीट पाहावे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. कुत्रे आणि मांजर आपले अंग जिभेने साफ करतात. म्हणजे जे अंगावर पडले ते थोड्याच वेळात पोटात जाते. कारखान्याचा रंग असो, नाहीतर आपण मायेने चोपडलेले ऑइल असो, वाट तीच.

पाहण्याची रीत

जनावराला उजेडात आणा. ते दुखऱ्या जागी हात लावू देत नसेल तर मऊ कापडाच्या पट्टीने कुत्र्याचे तोंड सैलसर बांधा, मात्र ते धापा टाकत असेल तर बांधू नका. केस उलट्या दिशेने फिरवा आणि या पाच गोष्टी पाहा.

१. जागा कोणती? कान, डोळ्यांभोवती, कोपरे, शेपटीचे मूळ, पंजे की पोट?
२. खाज आहे का? असल्यास थोडी की रात्रभर झोपू न देणारी?
३. कातडी कशी दिसते? कोरडा कोंडा, खपली, पुवाच्या पुळ्या, ओला चट्टा की गोल टक्कल?
४. घरातल्या दुसऱ्या जनावराला किंवा माणसाला खाज सुटली आहे का?
५. खाणे-पिणे, ताप, उत्साह कसा आहे?

एवढे पाहिले की निम्मी ओळख पटते.

पिसवा आणि गोचीड

शेपटीच्या मुळाशी व कमरेवर खाज असेल तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. पिसू पटकन पळते, पण तिची घाण मागे राहते. पांढरा कागद खाली धरून कंगव्याने केस विंचरा. कागदावर पडलेल्या काळ्या कणांवर पाण्याचे दोन थेंब टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त आहे, म्हणजे पिसवा आहेत. डाग पसरला नाही तर बहुधा साधी माती आहे. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचेच वावडे असते. त्यांना चार पिसवाही पुरतात. पिसू गिळल्याने कुत्र्या-मांजराच्या पोटात चपटे जंत होतात आणि शेणमार्गाशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. लहान मुलाने चुकून अशी पिसू गिळली तर त्यालाही ते होऊ शकतात.

गोचीड कानात, मानेला आणि बोटांच्या बेचक्यात शोधावी. कुत्र्याची तांबूस गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीमागे हजारो अंडी घालते. म्हणून नुसते कुत्रे साफ करून भागत नाही, त्याची बसायची जागाही साफ करावी लागते. गोचिडीमुळे रक्तात रोगजंतू शिरतात. कुत्र्याने खाणे सोडले, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी गडद लाल-तपकिरी झाली, तर हे दुखणे कातडीपुरते राहिले नाही असे समजावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोचीड काढताना चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी. बोटाने चिरडू नये, विडीचा चटका देऊ नये. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाकावी आणि हात साबणाने धुवावेत.

लूत कोणती?

आपण जिला लूत म्हणतो ती बारीक किडीमुळे होते. मिरचीच्या पानावरचे कोळी तुम्ही पाहिले आहेत. ही कीड त्याच कुळातली, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. तिचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत, कारण दोन्हींची वागणूक वेगळी आहे.

पहिली खाजरी लूत. हिची कीड कातडीत बोगदे करते. कानाच्या कडा, कोपरे, मागच्या पायाचे घोटे आणि पोट येथे सुरुवात होते. खाज भयंकर असते. एक खूण सांगतो : कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला तर हिचा संशय बळावतो. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या मुलांच्या हातांवर, पोटावर खाजऱ्या पुटकुळ्या उठतात. कुत्र्याची कीड माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही. कुत्रे बरे झाले की हा त्रास सहसा थांबतो. मात्र तो लांबला तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावेच.

दुसरी पिलांची लूत. साधारण तीन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या कुत्र्यांत डोळ्यांभोवती, ओठांजवळ, पुढच्या पायांवर केस जाऊन टक्कल पडते. खाज थोडी किंवा नसतेच. ही कीड जन्मानंतर आईच्या अंगावरून पिलाकडे येते. माणसाला किंवा शेजारच्या कुत्र्याला ती लागत नाही. दोन-चार ठिपके असतील तर पुष्कळदा आपोआप भरून येतात. ठिपके वाढले, पू झाला तर उपचार हवेतच. अशा पिलाला स्टेरॉइडचे मलम लावले तर दुखणे उलट पसरते. म्हणून माणसाच्या खाजेची ट्यूब कुत्र्याला लावू नये.

दोन्हींचा नक्की निकाल कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर लागतो. हे काम डॉक्टरांचे.

बुरशी, पुळ्या आणि ओले चट्टे

गोल टक्कल, कडेला कोंडा, तुटलेले केस आणि खाज बेताची, असे दिसले तर गजकर्णाची शक्यता धरावी. हा रोग बुरशीचा आहे. मांजरीच्या पिलांत तो विशेष आढळतो आणि माणसालाही लागतो. घरातल्या मुलाच्या हातावर किंवा डोक्यात गोल चट्टा उठला तर मांजरही तपासून घ्यावे. झडलेल्या केसांतले बुरशीचे बीज घरात महिनोन्महिने जिवंत राहते. म्हणून अंथरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात घालावे आणि केस झाडून न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढावेत.

पावसात सतत भिजलेल्या, दाट केसांच्या कुत्र्याला एका रात्रीत लालभडक, ओला चट्टा पडतो. तेथे केस कापून जागा मोकळी आणि कोरडी ठेवावी लागते. पट्टी बांधून कोंडू नये. पुवाच्या पुळ्या, गोल सुटणारे पापुद्रे आणि आंबूस वास ही जंतू किंवा यीस्ट वाढल्याची लक्षणे. बहुतेक वेळा त्यामागे पिसवा, लूत किंवा वावडे असे मूळ कारण असते. ते शोधल्याशिवाय पुळ्या पुन्हा येतात. पंजे सारखे चाटणे, काखा लाल होणे आणि कान वारंवार बिघडणे यांवरून परागकण, धूळ किंवा खाण्याच्या वावड्याचा विचार करावा. वयस्क कुत्र्याचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले आणि खाज मुळीच नसली तर दोष आतल्या ग्रंथींचा असू शकतो.

जखमेला कुजका वास येऊन आत अळ्या वळवळताना दिसल्या तर उद्यावर ढकलू नये. अळ्या मांस पोखरत खोल जातात.

मांजराची गोष्ट वेगळी

मांजर खाजवताना दिसेलच असे नाही. ते कोपऱ्यात बसून चाटते आणि पोटावरचे, मांड्यांवरचे केस विरळ होतात. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल आणि मांजर डोके झटकत असेल तर कानातल्या किडीचा संशय घ्यावा. कानाच्या कडांपासून कपाळापर्यंत जाड करड्या खपल्या ही मांजराची लूत. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावरची न भरणारी जखम कधीही हलकी समजू नये. उन्हामुळे तेथे कर्करोग होऊ शकतो.

आणि हे नीट लक्षात ठेवा : कुत्र्यासाठी आणलेले गोचिडीचे औषध मांजराला कदापि लावू नये. त्यांपैकी अनेकांत परमेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही; मांजर थरथरू लागते, झटके येतात आणि दगावतेही.

शेतातले औषध शेतातच

हा भाग माझ्या खात्यातला आहे, म्हणून ठासून सांगतो. पिकावरच्या औषधाची मात्रा एकराच्या हिशेबाने ठरलेली असते, दहा-पंधरा किलो वजनाच्या जिवाच्या हिशेबाने नाही. पूर्वी घरोघरी असणारी बीएचसी पावडर १९९७ पासून देशात बंद आहे. फोरेटचा वापरही २०२० च्या अखेरीस बंद झाला. तरी जुन्या पुड्या गोठ्याच्या आढ्याला खोचलेल्या सापडतात. त्या कुत्र्याच्या अंगावर झटकणे म्हणजे त्याला आणि त्याच्याशी खेळणाऱ्या मुलांना विष देणे होय. लाळ गळणे, उलटी, थरथर, बाहुली टाचणीएवढी बारीक होणे ही विषबाधेची लक्षणे. अशा वेळी हातमोजे घालून जनावर साबण-पाण्याने धुवावे, चाटू देऊ नये आणि औषधाच्या वेष्टनासह ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

जळक्या ऑइलने कीड मरते असे सांगणारे भेटतील. ते कातडी भाजते आणि चाटल्यावर पोटात जाते. फिनेल, रॉकेल यांचेही तसेच. गुरांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनच्या बाटलीतून अंदाजाने सुई टोचणेही धोक्याचे आहे; काही जातींच्या कुत्र्यांना ते थेट मेंदूला बाधते.

आता गोचीड, पिसवा आणि लुतीच्या किडीवर चालणाऱ्या, पोटात द्यायच्या गोळ्या मिळतात. त्या डॉक्टरांनी वजन करून द्याव्यात. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर ते आधी सांगावे.

डॉक्टरांकडे जाताना

दुखणे कधी सुरू झाले, कोठून पसरले, आजवर काय काय लावले हे कागदावर लिहून न्या. जळके ऑइल लावले असेल तर लाजू नका, सांगा. उपचार त्यावर ठरतो. आदल्या दिवशी आंघोळ घालू नका, कारण खुणा धुऊन जातात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निदान झाले नाही तर आमच्या पनवेल भागातल्या लोकांना परळची वाट आहे. तेथे १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे.

तपासताना जनावर चावले किंवा त्याचा दात-नख लागले तर जखम पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारावे. कुत्र्या-मांजराची रेबीजची वार्षिक लस मात्र त्याआधीच झालेली असावी.

गृहिणींना एक विनंती. आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि दारातल्या कुत्र्या-मांजराला दहा मिनिटे विंचरा. कान, बेचके, शेपटीचे मूळ पाहा. त्यांचे पोते किंवा गोधडी धुऊन उन्हात टाका. मुलांना हे काम शिकवा, आणि काम झाल्यावर हात धुवायलाही शिकवा. दुखणे एका ठिपक्यावर असताना सापडले तर खर्च थोडा होतो, घरातली माणसेही वाचतात आणि रात्री घर राखणाऱ्या जिवाला सुखाने झोप लागते.