चिमणीएवढे विमान मोजले कोणी?

गेल्या रविवारी पेपर चाळता चाळता नातवाने विचारले, "आजोबा, हे विमान रडारवर चिमणीएवढं दिसतं म्हणे. पण ते मोजलं कुणी?" मी चहाचा कप खाली ठेवला. या 'चिमणीएवढ्या'वर माझा जुना राग आहे.

रडारला वस्तू किती मोठी भासते ते चौरस मीटरांत सांगतात. 'रडार क्रॉस सेक्शन' हे त्याचे नाव. वस्तूच्या खऱ्या आकाराशी त्याचे नाते फार दूरचे. एक मीटर लांब-रुंद सपाट पत्रा तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसमोर अगदी सरळ धरला, तर हिशेबाने आकडा येतो सुमारे १४ हजार चौरस मीटर! तोच पत्रा एका अंशाने कलता केला की अडीचशेच्या आसपास. मग चिमणी कोणत्या बाजूने पाहिली आणि कोणत्या तरंगलांबीने, हे नको का सांगायला?

आता मोजणीचे. तळ्यात खडा टाकला की जवळच्या लाटा गोल असतात, लांबच्या काठाशी त्या जवळजवळ सरळ होतात. खरे रडार विमानापासून दूर असते, म्हणून मोजतानाही तरंग सरळ हवेत. त्यासाठी लागणारे अंतर म्हणजे वस्तूच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट, भागिले तरंगलांबी. दहा मीटरांच्या विमानाला आणि तीन सेंटिमीटरच्या तरंगाला हे अंतर साडेसहा किलोमीटरांहून अधिक भरते. एवढे मोकळे रान आणायचे कुठून? शिवाय जमिनीवरून उलटणारे तरंग आहेतच.

म्हणून काम बंद दालनात, शोषक फोमचे सुळके लावलेल्या भिंतींच्या आत, काही मीटरांवरून होते. अरुंद गल्लीतल्या उंच गणपतीचा फोटो काढायचा, पण मागे सरकायला जागाच नाही, अशी ही अडचण. मग अँटेना थोडी थोडी सरकवत, प्रत्येक जागी परतलेल्या तरंगाचा जोर आणि त्याची कला, म्हणजे तो चढणीवर आहे की उतरणीवर, टिपून घेतात. त्यावरून दूरचा प्रतिध्वनी संगणक काढतो. मला हे गणित सुंदर वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

खोच पुढे आहे. काटेकोर उत्तर हवे, तर प्रत्येक जागेवरून तरंग सोडून तो बाकीच्या सगळ्या जागी टिपायला हवा. एवढा खटाटोप सहसा होत नाही. सोडणारी आणि टिपणारी अँटेना एकाच जागी असते आणि गृहीत धरतात, की विमान म्हणजे सुटेसुटे चमकते ठिपके, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पुष्कळदा हे चालून जाते. पण इंजिनाच्या तोंडात शिरून, आत चार ठिकाणी आपटून बाहेर आलेल्या तरंगाला ते लागू पडत नाही. गणित त्याला भलत्याच जागी दाखवते.

यात लबाडी नाही. मोजणारे गृहीतक लिहून ठेवतात. ते गळते प्रयोगशाळेपासून आपल्या पेपरापर्यंतच्या वाटेवर, आणि उरते ती चिमणी. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात अमेरिकेचे एफ-११७ हे 'अदृश्य' विमान पाडले गेले. त्या तुकडीजवळचे टेहळणीचे रडार जुने, लांब तरंगलांबीचे होते. त्या तरंगांपुढे ती चिमणी चिमणी राहत नाही.

नातवाला मी गच्चीवर नेले आणि स्टीलचे ताट उन्हात धरले. समोरच्या भिंतीवर लख्ख कवडसा पडला. "आता जरा कलतं कर," मी म्हणालो. त्याने केले. कवडसा थेट शेजारच्या काकूंच्या खिडकीत गेला आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.