न बसणारा सुटा भाग आणि कपाटात बंद केलेली मापे

वाहन उद्योगाने आणि त्याच्या जाहिरातींनी एक समज गेली कित्येक वर्षे मोठ्या चिकाटीने रुजविला आहे. गाडीला घातलेला नवा भाग नीट बसला नाही, ब्रेक घासू लागला, दरवाजा लागेनासा झाला, की दोष 'नकली' माल विकणाऱ्या दुकानदाराचा आणि स्वस्ताईला भुललेल्या ग्राहकाचा! यावर उपाय एकच सांगितला जातो : कंपनीचा 'अस्सल' भाग कंपनीच्याच अधिकृत केंद्रातून घ्यावा. या युक्तिवादाला नीतीचा मुलामा आहे. आतील धातू मक्तेदारीचा आहे.

मुळात भाग बसत का नाही? कोणत्याही तालुक्याच्या गावी ६२०३ क्रमांकाचे बेअरिंग मागावे. आतील व्यास १७, बाहेरील ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर, हे ठरलेले आहे. ते जर्मनीचे असो, जपानचे असो, की जयपूरच्या कारखान्यातले असो, ते बसते. पोलाद कमी प्रतीचे असेल तर लवकर झिजेल, पण बसेल. कारण त्याची मापे जगजाहीर आहेत, प्रमाणकांत छापलेली आहेत. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचविले, तेव्हापासून यंत्रयुगाची सारी दुरुस्ती या एका तत्त्वावर उभी आहे. हेच तत्त्व मडगार्ड, ब्रेकचा शू, क्लचची तार, दरवाजाची बिजागरी यांपाशी येताच एकाएकी का थांबते, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडत नाही. ते नफ्याच्या हिशेबात सापडते.

लहान कारखानदाराच्या हाती मूळ आराखडा नसतो. तो बाजारातून एक नमुना आणतो, पुष्कळदा वापरून उतरविलेला, आणि त्यावरून साचा तयार करतो. नमुन्याची झीज अशा रीतीने मापात उतरते. मूळ आराखड्यावर प्रत्येक मापाशेजारी किती कमीजास्त चालेल ते लिहिलेले असते. नमुन्यावर ते लिहिलेले नसते. कोणते भोक काटेकोर हवे आणि कोणते सैल चालेल, हे त्याने अंदाजाने ठरवायचे. पुढे हजारो नग काढून साचाही झिजतो, आणि अंदाजावर आणखी एक अंदाज चढतो. शिवाय कंपन्या एकाच नावाच्या गाडीत मध्येच बदल करतात. गाडी बाहेरून तीच दिसते, भागाचा क्रमांक मात्र बदललेला असतो. चेसिस क्रमांकावरून नेमका भाग सांगणारी सूची कंपनीच्या हाती. म्हणून कंपनीच्या खोक्यातला, कंपनीच्या शिक्क्याचा भागही चुकीच्या सालाचा निघाला तर बसत नाही. 'अस्सल'पणाच्या स्तोत्रांत याचा उल्लेख सहसा आढळत नाही.

या विसंगतीची किंमत कोण मोजतो? नाक्यावरच्या गॅरेजातील मिस्त्री कानस घेऊन भोक वाढवितो, वॉशर घालून फट बुजवितो, ठोकून पत्रा वळवितो. दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागतात, आणि त्या वाढीव श्रमाची मजुरी मागण्याची सोय नसते. रिक्षाचालकाचा दिवस बुडतो. दुकानात पाटी असते : 'एकदा बसविलेला माल परत घेतला जाणार नाही.' बसविल्यावाचून बसतो की नाही हे कळावे कसे, हे पाटी लिहिणाराच जाणे. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला, नवा २०१९ साली. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्यालाही तो ग्राहकच मानतो. पण दोन-तीनशे रुपयांच्या ब्रेक शूसाठी तारखांना हजर राहण्याइतके दिवस कोणता चालक बुडवील?

कंपन्यांची भूमिका निव्वळ गुणवत्तेच्या काळजीची असती, तर भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या निर्णयात वेगळे चित्र दिसले असते. आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व दोष शोधण्याची साधने मिळू न देणे, भाग बनविणाऱ्या पुरवठादारांना तेच भाग खुल्या बाजारात विकण्यास मज्जाव करणे, हे त्यात सिद्ध झाले. बहुतेक कंपन्यांनी भागांच्या किमती सुमारे शंभर ते पाच हजार टक्क्यांनी चढविल्याचेही आयोगाने नोंदविले. बौद्धिक संपदेचा बचाव टिकला नाही. त्यानंतर प्रकरण अपिलांच्या आणि रिट अर्जांच्या वाटेला लागले, आणि ती वाट किती लांब असते हे या देशात कोणाला सांगावयास नको.

गाडी विकत घेईपर्यंत ग्राहकाला दहा दुकाने असतात, घेतल्यानंतर एकच. अर्थशास्त्रात याला बंदिस्त बाजारपेठ म्हणतात. ब्रिटनच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, १९८६ साली ब्रिटिश लेलँड कंपनीचा दावा नेमका याच मुद्द्यावर फेटाळला. आर्मस्ट्राँग नावाची दुसरी कंपनी लेलँडच्या गाड्यांची धूर सोडणारी नळी, जी गंजून वारंवार बदलावी लागते, नक्कल करून विकत होती. गाडी विकणाऱ्याला आराखड्यावरील हक्क पुढे करून मालकाच्या दुरुस्तीच्या हक्कात आडवे येता येणार नाही, असा निकाल झाला. त्या न्यायपीठाला समाजवादी ठरविण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आता आक्षेप राहतो सुरक्षिततेचा, आणि तो हलका नाही. निकृष्ट ब्रेकमुळे माणसे मरतात. दुसऱ्याचे बोधचिन्ह छापून माल खपविणारा गुन्हेगारच आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ती व्हावी. परंतु स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर भाग बनविणारा लहान उत्पादक आणि हा भामटा यांना 'नकली' या एकाच शब्दात कोंबणे ही हेतुपुरस्सर केलेली लबाडी आहे. मापे झाकून ठेवल्याने निकृष्ट ब्रेक बनावयाचे थांबले आहेत काय? ते अंदाजाने बनत आहेत, एवढेच. मापे खुली करावीत आणि ब्रेक, स्टिअरिंग यांसारख्या भागांवर चाचणीची सक्ती ठेवावी. चाचणीसाठी पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधन संस्था उभी आहे. लहान उत्पादकाला परवडेल अशा शुल्कात तिचे दरवाजे उघडे करणे सरकारच्या हाती आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारगाड्या व शेतीची अवजारे दोन्ही होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संकेतस्थळ सुरू झाले. त्यामागे सक्तीचा कायदा मात्र उभा केला नाही. माहिती किती द्यावी हे कंपन्यांच्या मर्जीवर राहिले. आराखड्यांच्या २००० सालच्या कायद्याने भागाच्या बाह्यरूपालाही पंधरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकते. फ्रान्सने १ जानेवारी २०२३ पासून मोटारीच्या बाह्य भागांवरील अशी मक्तेदारी सैल केली. तशी दुरुस्ती दिल्लीत मांडण्यासाठी एका कलमाची भर पुरेशी आहे. ते कलम कोणता पक्ष मांडतो आणि कोणता अडवितो, हे रिक्षा आणि टेम्पो चालकांच्या संघटनांनी आपापल्या खासदाराला लेखी विचारावे.