तिसऱ्या खणातली निळी डबी

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पायथन शिकायला क्लासला नाव घातलं. पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग एके दिवशी फळ्यावर चौकटी कंसांची लांबलचक माळ आली. "डेटाच्या आत डेटा असतो, त्यातून हवी ती किंमत काढायची," एवढं सांगून सर पुढे सरकले. शेजारची विशीतली पोरं खटाखट टाइप करत होती. माझ्या स्क्रीनवर नुसती लाल अक्षरं! बसमध्ये बसले ती ठरवूनच, आता बास. हे काही आपलं काम नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, नथ कुठे ठेवलीस गं?"

"कपाटातल्या तिसऱ्या खणातल्या निळ्या डबीत."

बोलून गेले आणि चमकलेच. हेच तर फळ्यावर होतं!

कपाट["खण"][2]["निळी डबी"]["नथ"]

बाहेरून आत, एकेक दार उघडत जायचं. इंग्रजीत हे वाक्य नथेपासून उलटं सुरू होतं. आपली मराठी मात्र कोडच्याच क्रमानं बोलते. आपला 'तल्या' म्हणजेच तो चौकटी कंस! खणांना नावं नाहीत, क्रम आहे, म्हणून तिथे आकडा. ती 'लिस्ट'. पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून तिसऱ्या खणाचा आकडा २. खणातल्या डब्या मात्र नावानं ओळखायच्या, म्हणून खण ही 'डिक्शनरी'.

लाल अक्षरंही मग वाचता येऊ लागली. 'की एरर' म्हणजे त्या नावाची डबीच नाही, किंवा नाव लिहिताना चूक झाली. 'इंडेक्स एरर' म्हणजे तितके खणच नाहीत. आणि आकड्याच्या जागी खणाला नावानं हाक मारली, तर 'टाइप एरर'.

माझं म्हणणं एवढंच, की शिकवणाऱ्यांनी ही अख्खी ओळ एका दमात फळ्यावर टाकू नये. आधी नुसतं कपाट["खण"] प्रिंट करून दाखवावं. हातात काय आलं, लिस्ट की डिक्शनरी, ते बघावं, मगच पुढचा कंस. हवामानाचा अंदाज असो की दुकानाच्या ऑर्डरी, एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती बरेचदा 'जेसन' नावाच्या अशाच खणाखणांच्या रूपात येते. इथे अडलं की पुढचं सगळंच अडतं. आणि संसारातून वेळ काढून आलेली बाई अडली की गुपचूप क्लास सोडते. दोष स्वतःलाच देते.

दुसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "सर, पायरीपायरीनं दाखवाल का?" त्यांनी दाखवलं. तेव्हा कळलं, खटाखट टाइप करणाऱ्यांतल्याही दोघांना ते समजलं नव्हतं. विचारायला लाजत होते बिचारे.

तेव्हा मैत्रिणींनो, लाल अक्षरं दिसली की 'मला जमत नाही' म्हणून उठू नका. 'मी आत्ता कुठल्या खणापाशी उभी आहे?' एवढं स्वतःला विचारा. नथ सापडतेच.