एक्स-रे फिल्म, लाल दिवा आणि आपलं इंजिनिअरिंग

मित्रांनो, आधी एक प्रश्न. एक्स-रे फिल्मवर साधा फोटो काढता येतो का? म्हणजे छातीच्या पिंजऱ्याचा नाही, तर हॉस्टेलसमोरच्या पिंपळाचा, मेसच्या मावशींचा किंवा वर्कशॉपमधल्या लेथचा? आमच्या विंगमध्ये मी दहा-बारा जणांना विचारून पाहिलं. बहुतेकांचं उत्तर तयार होतं, "छे! त्याला एक्स-रे लागतात." एकाने तर काळजीने विचारलं, "अरे, ती फिल्म हातात घेतली तर रेडिएशन लागत नाही का?"

तर आधी भीती घालवतो. एक्स-रे फिल्ममध्ये कसलंही रेडिएशन नसतं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांचा थर, बस्स. आणि तिच्यावर फोटो येतो का? येतो, आणि झकास येतो. जगभरातले मोठ्या पेटीचे, म्हणजे लार्ज फॉरमॅट कॅमेरे वापरणारे हौशी लोक कित्येक वर्षं हेच करत आले आहेत. कारण सरळ आहे. आठ बाय दहा इंचांच्या खास फोटोग्राफीच्या एका शीटच्या किमतीत एक्स-रे फिल्मच्या कितीतरी शीट येतात.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या मेटलर्जी लॅबच्या मागे एक डार्करूम आहे. वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी व्हायची तेव्हा तिचा वापर होता. आता तिला कुलूप आहे. येत्या सुट्टीत तिथलं सिंक, लाल दिवा, एक्झॉस्ट काढून जुनी कागदपत्रं ठेवायची, असं ऐकतो. माझं म्हणणं एवढंच, की ती खोली मोडू नका. आणि हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. तिथे एक्स-रे फिल्मवर जे शिकता येईल, ते आपल्या एकाही प्रॅक्टिकलमध्ये शिकता येत नाही, म्हणून म्हणतोय.

आता थोडं 'थिअरी'. १८९५ साली रॉन्टजेनने एक्स-रे शोधले, तेव्हा त्यांची चित्रं त्याने फोटोग्राफीच्या साध्या काचेच्या प्लेटवरच घेतली. अडचण अशी, की एक्स-रे फिल्ममधून बहुतेक आरपार निघून जातात, फार थोडे अडतात. मग एक्सपोजर वाढवायचं म्हणजे पेशंटला जास्त किरण द्यायचे. त्यावर तोड निघाली ती स्क्रीनची. १८९६ मध्ये एडिसनला कॅल्शियम टंगस्टेट एक्स-रेखाली छान चमकतं असं आढळलं. पुढे कॅसेटमध्ये फिल्मच्या दोन्ही अंगांना असे स्क्रीन बसवायची पद्धत पडली. किरण स्क्रीनवर पडतात, स्क्रीन चमकतो, आणि त्या चमकेने फिल्म काळी होते. दोन बाजूंना दोन स्क्रीन, म्हणून फिल्मलाही दोन्ही बाजूंना इमल्शन. टंगस्टेटची चमक निळी. १९७० च्या दशकात आलेल्या गॅडोलिनियमच्या स्क्रीनची हिरवी. म्हणून फिल्मचेही दोन प्रकार झाले, एक निळ्या उजेडाची, दुसरी निळ्या-हिरव्या उजेडाची. थोडक्यात काय, तर दवाखान्यातली फिल्मसुद्धा मुख्यतः साधा उजेडच टिपत असते! मग तो कॅमेऱ्याच्या भिंगातून आला तर तिला काय फरक पडतो?

फक्त लाल रंग तिला दिसत नाही. याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे फोटोत लाल ते काळं. कपाळावरचं कुंकू काळं, कौलं गडद, जांभ्याची भिंत कोळशासारखी. उलट निळं आभाळ पांढरंफटक. आजी-पणजीच्या काळातल्या बऱ्याच फोटोंत कुंकू काळंकुट्ट दिसतं, त्यामागचं कारण हेच. तेव्हाच्या प्लेटही लाल रंगाला आंधळ्या असायच्या. दुसरा परिणाम आपल्या कामाचा. ही फिल्म लाल दिव्याखाली उघड्यावर हाताळता येते. नेहमीची कॅमेऱ्याची फिल्म सगळे रंग बघते, त्यामुळे ती मिट्ट काळोखात, घड्याळाच्या भरवशावर धुवावी लागते. एक्स-रे फिल्म मात्र डोळ्यांसमोर धुता येते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावरच यायचंय.

"पण एवढा मोठा कॅमेरा आणायचा कुठून?" बनवायचा! आपण इंजिनिअर आहोत ना? एकात एक सरकणाऱ्या प्लायवुडच्या दोन पेट्या. पुढच्या पेटीला भिंग, मागच्या पेटीला दुधी काच. फोकस झाला की काचेच्या जागी फिल्म. भिंग म्हणून चष्म्याच्या दुकानातली अधिक ३ नंबरची काच चालते. ३ डायॉप्टर म्हणजे फोकल लेंथ एक तृतीयांश मीटर, ३३३ मिलिमीटर. आणि आठ बाय दहाच्या शीटचा कर्ण ३२५ मिलिमीटर. म्हणजे हिशेब जणू आपल्यासाठीच जुळवून ठेवलाय! समोर काळ्या कार्डाला सव्वापाच मिलिमीटरचं भोक पाडलं की झालं एफ/६४. एवढ्या बारीक भोकामुळे साध्या भिंगाचे बरेच दोष झाकले जातात. त्यातला एक मजेदार दोष म्हणजे आपला डोळा फोकस करतो पिवळ्या-हिरव्या उजेडात आणि फिल्म बघते निळा. दोघांचे फोकस थोडे वेगवेगळ्या जागी असतात. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन इथे प्रत्यक्ष भेटतं.

शटरही लागत नाही. फिल्मच्या खोक्यावर स्पीड लिहिलेला नसतो, म्हणून १०० धरून सुरुवात करायची. कडक उन्हात एफ/१६ ला सेकंदाचा शंभरावा भाग, हा फोटोग्राफीतला जुना ठोकताळा. एफ/६४ म्हणजे चार स्टॉप खाली, सोळा पट वेळ. मोकळ्या सावलीत उजेड साधारण आठ पटींनी कमी. गुणाकार केला की सव्वा सेकंदाच्या आसपास येतं. मग काय, भिंगावरची टोपी काढायची, "एक" म्हणायचं आणि टोपी परत लावायची. जुने स्टुडिओवाले हेच करायचे.

आता खरी गंमत, डेव्हलपिंग. डी-७६ नावाचा डेव्हलपर घरी बनतो. एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. एक्स-रे फिल्मला कॉन्ट्रास्ट फार. हाडं आणि मांस वेगळं दिसावं म्हणूनच ती तशी बनवलेली असते. त्यामुळे डेव्हलपर पातळ करून वापरायचा. तापमान २० अंश पाहिजे, आणि आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी हात भाजेल असं. म्हणजे मेसमधून बर्फ मागून आणणं आलं. ट्रेच्या तळाशी काच ठेवायची, कारण फिल्मच्या दोन्ही बाजूंना इमल्शन असतं आणि ओलं झालं की ते नखाने नुसतं टेकलं तरी ओरखडतं. एका वेळी एकच शीट. ट्रे हलवत राहायचा आणि बघत राहायचं. आधी आभाळ काळं होतं, मग भिंती, मग हळूहळू सावलीतले तपशील. "बास" असं वाटलं की पाण्यातून काढून हायपोत. त्यात शीटचा दुधाळपणा जातो आणि निगेटिव्ह पारदर्शक होतं. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो, हे जॉन हर्शेलला १८१९ मध्येच कळलेलं होतं. म्हणजे फोटोग्राफीच्या आधी तिचं रसायन तयार होतं!

यात सगळं गोड आहे असं नाही. ओरखडे पडतात. दोन थरांमुळे प्रतिमा किंचित मऊ येते. फिल्मच्या मागे प्रकाश शोषणारा थर नसल्याने दिव्याभोवती, चकचकीत वस्तूंभोवती वलय उमटतं. बेसला निळसर झाक असते. ज्याला बिनचूक फोटो हवाय त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. फोनमधला कॅमेरा हजार पटींनी सोयीचा आहे, हे मी आत्ताच लिहून देतो.

मग हा खटाटोप कशासाठी? तर आपल्या लॅबमध्ये काय चालतं ते आठवा. प्रयोगाचं उत्तर आधीच माहीत असतं. सिनियरचं जर्नल असतं, त्यातली रीडिंग असतात. मशीन बंद असलं तरी ग्राफ सुंदर येतो! सबमिशनच्या आदल्या रात्री एका जर्नलवरून अख्खी बॅच बाहेर पडते. यात दोष एकट्या मुलांचा नाही आणि सरांचाही नाही. बॅच मोठी, सेट-अप एक, वेळ दोन तास. चूक करायला तिथे जागाच नसते. चूक झाली की मार्क जातात, किंवा महागाचं उपकरण जातं. मग मुलं चूक न करण्याचा सर्वांत सोपा रस्ता धरतात, म्हणजे प्रयोगच करत नाहीत.

एक्स-रे फिल्म नेमकी इथे कामाची आहे. तिच्यावर चूक स्वस्त आहे. शीट जळाली तर जळाली, त्याच शीटचे चार तुकडे करून चार वेगळी एक्सपोजर देऊन बघा. दुसरं म्हणजे चूक दिसते, आणि घडत असताना दिसते. लाल दिव्याखाली शीट पहिल्या अर्ध्या मिनिटातच भराभर काळी व्हायला लागली, तर एक्सपोजर जास्त झालं का, डेव्हलपर कडक झाला का, की पाणी गरम आहे, याचा विचार तिथल्या तिथे सुरू होतो. हेच तर 'ट्रबलशूटिंग'! आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. तुमचं भिंग, तुमचं पाणी, तुमचा डेव्हलपर, फिल्मचा तो खोका, या सगळ्यांचा मिळून जो आकडा येतो तो फक्त तुमच्या वहीत असतो. सिनियरचं जर्नल इथे मदतीला येत नाही. काळी झालेली शीट 'रीडिंग अ‍ॅडजस्ट' करून पांढरी करता येत नाही.

यावर आक्षेप येणार हे मला माहीत आहे. "केमिकलचं काय?" रास्त प्रश्न. वापरलेल्या हायपोत चांदी असते, ती गटारात सोडता कामा नये. पण हाही आपल्याच अभ्यासाचा भाग नाही का? त्या द्रावणात साध्या लोखंडी तारेची बारीक घासणी (स्टेनलेस नव्हे) टाकली तर लोखंड विरघळतं आणि चांदी गाळ होऊन खाली बसते. इलेक्ट्रोकेमिकल सिरीज आपण पाठ केलीय, बघितलीय का कधी? उरलेलं द्रावण केमिस्ट्री लॅबच्या बाकीच्या टाकाऊ रसायनांबरोबरच गेलं पाहिजे, हेही ओघाने आलं. "वेळ कुठे आहे?" आठवड्यातून एक संध्याकाळ. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॅरम चालतो त्या हॉस्टेलमध्ये वेळ नाही असं कोणी म्हणू नये. "प्लेसमेंटला काय उपयोग?" कदाचित काही नाही. पण बंद पडलेल्या प्रोसेसचं कारण शोधायची सवय ज्याला आहे, त्याला कामावर ती सवय सोडून ठेवावी लागत नाही.

आणि वाट बघायला फार वेळही नाही. १९६० मध्ये स्थापन झालेली उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स 'इंदू' नावाने आपल्याच देशात फिल्म बनवायची, एक्स-रे फिल्मसुद्धा. तो सरकारी कारखाना बंद पडला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकसारख्या कंपनीला दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत जावं लागलं. दवाखाने डिजिटल झाले. आज हातात मिळतो तो निळसर एक्स-रे बऱ्याचदा लेसर प्रिंटरने उष्णतेवर छापलेला असतो. त्या छपाईच्या फिल्मवर कॅमेऱ्याने फोटो येत नाही. उजेडावर चालणारी जुनी फिल्म काही पुरवठादारांकडे अजून मिळते, वेल्डिंगच्या तपासणीतही फिल्म वापरात आहे. पण खप घटत गेला की काय होतं हे उटीने दाखवलंच आहे. फिल्म आज ना उद्या दुर्मिळ होणार, ते आपल्या हातात नाही. डार्करूम मात्र आपल्या हातात आहे. एकदा सिंक उपटलं आणि नळ बंद केला, की ती पुन्हा बांधायला कुठलीही कमिटी पैसे मंजूर करणार नाही.

म्हणून सरांना आणि विद्यार्थी मंडळाला विनंती आहे. कागदपत्रांना कपाट कुठेही मिळेल, पाणी आणि काळोख एकत्र असलेली खोली कॉलेजात एकच आहे. ती राहू द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ तिची किल्ली द्या. लॅब असिस्टंट काकांनी ती खोली वर्षानुवर्षं चालवली आहे. त्यांना पहिले दोन महिने शिकवायला बोलवा, त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडे कुणाकडेच नाही. आणि एक मागणी खास: याला कृपा करून मार्क ठेवू नका, जर्नल ठेवू नका. मार्क आले की चुका महाग होतील, आणि मग या खोलीतही सिनियरच्या निगेटिव्हच्या झेरॉक्स निघायला लागतील!

मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणं. हे पटलं असेल तर नुसतं "भारी लिहिलंय" म्हणू नका. सुट्टीला जाण्याआधी मेटलर्जीच्या ऑफिसात एक वही ठेवली आहे, तिच्यात नाव, वर्ष आणि रूम नंबर लिहा. कॅमेऱ्यासाठी प्लायवुड वर्कशॉपच्या भंगारात आहे, मी बघून आलोय. भिंगाचे पैसे वर्गणीतून निघतील. बर्फाचं तेवढं मेसशी बोलावं लागेल.